परिचयाच्या चार ओळींत स्वतःला लेखिका म्हणावे का?

धुऱ्यावरची | 2 ऑगस्ट, रात्री 10.15

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहते. गेली 17 वर्षे अंगणवाडी सेविका आहे आणि घरची पाच एकर कोरडवाहू शेती आहे. उन्हाळ्यात मी एका दिवाळी अंकाकडे कथा पाठवली होती. ती स्वीकारल्याचे परवा कळले. संपादकांनी सोबत छायाचित्र आणि चार ओळींचा परिचय मागितला आहे. कथा लिहायला मला तीन महिने लागले होते, पण या चार ओळी दोन दिवसांपासून कागदावर उतरत नाहीत.

सकाळी केंद्र उघडायचे, मुलांना खाऊ घालायचे, वजने घ्यायची, सगळे पोषण ट्रॅकरवर भरायचे, मग गृहभेटी. सध्या निंदणाचे दिवस असल्यामुळे तिथून थेट वावरात जावे लागते. रात्री सगळ्यांची जेवणे झाल्यावर एक तास मिळतो आणि तो मी गेली 11 वर्षे लिहिण्याला दिला आहे. हे माझे पती आणि मुलगी सोडून कोणालाही माहीत नाही. 2019 च्या जानेवारीत यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा एक दिवस सुटी काढून मी गेले होते. परतीच्या एसटीत शेजारच्या बाईंनी "तुम्हीही लिहिता का?" असे आपुलकीने विचारले आणि मी "नाही" म्हणाले. त्या "नाही"ची बोच अजून गेलेली नाही.

आणखी एक गोष्ट. आम्हा सेविकांना मिळतात त्या पैशांना वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात, कारण कागदोपत्री आम्ही मानसेवी आहोत. दिवाळी अंकाच्या पत्रातही "अंक निघाल्यावर मानधन पाठवू" असे वाक्य आहे. एका कामात या शब्दाने मला कधी कर्मचारी होऊ दिले नाही, आणि दुसऱ्या कामात तोच शब्द मला पहिल्यांदा लेखिकांच्या रांगेत बसवतो आहे, हे लक्षात आल्यावर मी ते पत्र बराच वेळ हातात धरून बसले.

परिचयात "लेखिका" लिहावे का? की "अंगणवाडी सेविका" एवढेच लिहावे? दुसरे लिहिले तर वाचक कथेआधी माझी नोकरी वाचतील अशी भीती वाटते, आणि पहिले लिहायला हात धजत नाही.

---

तिफणकर | 2 ऑगस्ट, रात्री 10.52

ताई, मनापासून अभिनंदन. कथा स्वीकारली गेली आहे, तेव्हा "लेखिका" असे निःशंक लिहा.

---

संत्राबाग | 3 ऑगस्ट, सकाळी 6.30

अभिनंदन, पण तिफणकरांशी मी सहमत नाही. एक कथा छापून येणे आणि लेखक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे मी अनुभवाने सांगतो आहे.

आमची वरुडकडे संत्र्याची बाग आहे. 2009 मध्ये मृग बहाराला चांगला भाव मिळाला, त्या पैशातून मी स्वतःच्या कवितांच्या 500 प्रती छापून घेतल्या. प्रकाशन झाले, हार-शाल झाली आणि तालुक्यात लोक मला कवी म्हणू लागले. त्यानंतर सात वर्षे मी एकही कविता लिहिली नाही. तरीही शाळेच्या स्नेहसंमेलनाला, पतसंस्थेच्या वार्षिक सभेला "आपल्या तालुक्यातील कवी" अशी माझी ओळख करून दिली जाई, आणि दर वेळी आपण कोणाचा तरी सदरा घालून बसलो आहोत असे मला वाटे. उरलेल्या गठ्ठ्यांना उधई लागल्याचे दिसले, त्या दिवशी मला वाईट वाटण्याऐवजी मोकळे वाटले. त्याच हिवाळ्यात पुन्हा लिहायला लागलो. आज माझ्याकडे छापलेले नवे काही नाही, पण मी लिहितो आहे.

म्हणून माझे मत असे की "लेखक" ही पदवी समजू नये. लिहिणे चालू असेल तोवरच ती ओळख खरी असते. ताईंनी 11 वर्षे रोज एक तास दिला आहे. त्यांचा हक्क त्या तासातून येतो, संपादकांच्या पत्रातून येत नाही.

---

रातपाणी | 3 ऑगस्ट, रात्री 11.40

संत्राबाग भाऊ, तुमचे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. मी वाशीम जिल्ह्यातला, वय 27. रब्बीत आमच्या फिडरला आठवड्यातले काही दिवस दिवसा वीज असते आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की हरभऱ्याला ओलीत करायला विहिरीवर जावे लागते. एक सारा भरेपर्यंत बसायचे, मग पाणी पुढच्या साऱ्यात फिरवायचे. या मधल्या वेळेत मी मोबाइलमध्ये बोलून कथा लिहितो, कारण थंडीने बोटे चालत नाहीत.

यातून एक वेगळीच अडचण उभी राहिली. मी वऱ्हाडीत बोललो की मोबाइल त्याचे शुद्ध मराठी करून टाकतो किंवा भलतेच काही लिहितो. हळूहळू मी त्याला समजेल असे बोलू लागलो. एकदा आईने माझी एक गोष्ट ऐकली आणि म्हणाली, "यातला बाप आपल्या घरचा वाटत नाही." तेव्हा लक्षात आले की यंत्राच्या सोयीसाठी मी माझ्या माणसांची भाषा बदलली होती. आता फक्त मुद्दे बोलून ठेवतो आणि संवाद दुसऱ्या दिवशी हाताने लिहितो.

धुऱ्यावरची ताई, मी लेखक आहे हे मला रात्री दोन वाजता पटलेले असते. सकाळी दूध घालायला डेअरीवर गेलो की पटत नाही. तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, पण तो प्रश्न माझाही आहे.

---

जुनी शाळा | 4 ऑगस्ट, सकाळी 8.05

रातपाणी, तुझ्या आईने फार मोलाची गोष्ट सांगितली आहे. उद्धव शेळके यांची "धग" 1960 मध्ये आली. तिच्यातली कौतिक वऱ्हाडी बोलते, आणि आज 60 वर्षांहून अधिक काळानंतरही वाचकाला ती खरी वाटते, याचे एक कारण तिची बोली आहे. संवाद बोलीत ठेवायला घाबरू नकोस.

---

वडसा लाईन | 4 ऑगस्ट, दुपारी 2.20

मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या भातपट्ट्यातला आहे, त्यामुळे वऱ्हाडीविषयी अधिकाराने बोलणार नाही. आमची बोली वेगळी आणि लिहिण्याची रीतही वेगळी. मी नाटके लिहितो. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई (गावजत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की गावोगावी रात्रभर नाटके होतात, आणि त्या कंपन्यांचे मोठे केंद्र म्हणजे वडसा. लेखकाचे नाव पत्रकावर छापलेले असते. म्हणजे हंगामात माझी ओळख चौकाचौकात चिकटवलेली असते, असे म्हणायला हरकत नाही.

तरीही आज, भाताच्या रोवण्याच्या दिवसांत, मी ज्या बांधीत उभा आहे तिथे त्या पत्रकाचा काही उपयोग नाही. इथे मला परे, म्हणजे भाताची रोपे, खणायचे आहेत आणि दुपारच्या आत बायांना पेंढ्या पोचवायच्या आहेत. पण काल रोवणा करताना एक आजी दुसरीला म्हणाली, "सुनेने घर सोडले नाही, घराने सुनेला सोडले." मी लगेच चिखलाचे हात धुतले आणि ते वाक्य वहीत उतरवून घेतले. येत्या हंगामात ते कोणत्यातरी पात्राच्या तोंडी येईल. चिखलातला माणूस आणि पत्रकावरचा माणूस एकच आहे, याची खात्री मला अशा क्षणी होते.

संत्राबाग म्हणतात ते मला अर्धेच पटते. आपण लेखक आहोत हे नाटकात केवळ स्वतःचे मत असून भागत नाही. पहाटे चार वाजता प्रेक्षक चादर गुंडाळून उठला की आपण तिथे लेखक राहत नाही. म्हणजे ओळख थोडीफार समोरच्याच्या हातातही असते.

---

पऱ्हाटी | 4 ऑगस्ट, रात्री 9.30

मला माझ्या वडिलांविषयी लिहायचे आहे आणि ते या धाग्याला सोडून होणार नाही.

पोळ्याला आमच्या गावात तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हटल्या जातात, हे विदर्भातल्या सर्वांना ठाऊक आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते की झडती म्हणजे चार-सहा ओळींचे यमक जुळवलेले म्हणणे. शेवटी "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव" असा गजर होतो. माझे वडील दरवर्षी नव्या झडत्या जोडत. कापसाचा भाव, सोसायटीचे कर्ज, न आलेला पाऊस, गावातली भांडणे असे सगळे त्यांत येई. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. बैलांची खांदेमळणी करताना ते पुटपुटत राहत आणि दुसऱ्या दिवशी तोरणाखाली ती झडती तयार असे. पोळ्याच्या आठ दिवस आधीपासून आसपासच्या गावांतली पोरे आमच्या ओसरीवर येऊन बसत, आधीच्या झडत्या पाठ करून जात.

वडील 2016 मध्ये गेले. तीन वर्षांपूर्वी मी माहेरच्या शेजारच्या गावी पोळ्याला गेले असताना एका मुलाने त्यांची झडती म्हटली. ती कोणाची आहे हे त्याला माहीत नव्हते. मी तिथे लोकांसमोर रडले.

आता मला सांगा, त्यांना लेखक म्हणायचे की नाही? त्यांचे पुस्तक नव्हते, वही नव्हती, रोजचा एक तास नव्हता. गाव त्यांना लेखक किंवा कवी असे काहीच म्हणत नसे. गाव म्हणे, "तो झडत्या जोडते." एवढेच. हे वाक्य लिहिताना पहिल्यांदाच माझ्या लक्षात येते आहे की त्यांच्यासाठी गावाकडे नाम नव्हते, क्रियापद होते.

---

तिफणकर | 4 ऑगस्ट, रात्री 9.48

पऱ्हाटी ताई, त्या झडत्या लिहून ठेवा. या पोळ्याच्या आत लिहून ठेवा. आपल्या वऱ्हाडातल्या बहिणाबाईंच्या कविताही मुलाने लिहून घेतल्या म्हणूनच वाचल्या.

---

जुनी शाळा | 5 ऑगस्ट, सकाळी 7.50

तिफणकर, सल्ला अगदी योग्य आहे, फक्त एक दुरुस्ती करतो. बहिणाबाई चौधरी खानदेशातल्या, जळगावजवळच्या असोद्याच्या. त्या 1951 मध्ये गेल्या आणि त्यांच्या कविता 1952 मध्ये पुस्तकरूपाने आल्या. स्वतःला कवयित्री म्हणवून घेण्याची वेळ त्यांच्यावर आलीच नाही.

पण दाखला घरचाही देता येतो. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर आपणा सर्वांना माहीत आहे. तेराव्या शतकात तिथे महानुभाव पंथातल्या महदंबेने धवळे रचले. त्यांच्यामुळे तिला मराठीतली आद्य कवयित्री म्हणतात. धवळे म्हणजे लग्नात गायची गीते. त्या काळी लग्नघरात जे गायले जात होते, तोच प्रकार तिने हाती घेतला आणि त्यात स्वतःची रचना केली. त्याच पंथाच्या लीळाचरित्रासाठी म्हाइंभटांनी काय केले? ज्यांनी ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिले होते, त्यांच्याकडे जाऊन आठवणी विचारून घेतल्या आणि पडताळून लिहिल्या. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ असा माणसांच्या दारात जाऊन उभा राहिला.

धुऱ्यावरची ताई, तुमच्या गृहभेटींविषयी वाचताना मला हे आठवले. दारोदार जाऊन माणसांचे ऐकणे हे काम तुमच्या लेखनाच्या आड येते असे तुम्हाला वाटत असेल, तर पुन्हा विचार करावा.

---

कोरडवाहू | 5 ऑगस्ट, दुपारी 1.15

एक वेगळा मुद्दा मांडतो. परिचयात काय लिहायचे याहून मोठी अडचण अशी की "यवतमाळ जिल्हा" हे दोन शब्द वाचले की बाहेरच्या वाचकाला एकच विषय आठवतो. मी एका अंकाला पोळ्याच्या दिवशी हरवलेल्या वासराची गोष्ट पाठवली होती. उत्तर आले की लेखन चांगले आहे, पण शेतकरी आत्महत्येवर काही असल्यास पाठवावे. माझ्या सख्ख्या चुलत्याने ते केले आहे. तो विषय मला टाळायचा नाही. पण तो केव्हा लिहायचा हे मी ठरवेन, आणि माझ्या गावात त्याखेरीज प्रेम, भांडण, लबाडी, नवस, कबड्डी असे सगळे आहे हेही मीच सांगेन. लेखकाची ओळख शोधताना आपल्यावर आधीच चिकटवलेली ओळख काढून टाकण्याचे कामही करावे लागते.

---

वडसा लाईन | 5 ऑगस्ट, दुपारी 3.00

कोरडवाहू भाऊ, अगदी असेच. आमच्याकडून जंगल आणि बंदूक मागतात.

---

धुऱ्यावरची | 6 ऑगस्ट, रात्री 10.20

सर्वांचे आभार. पऱ्हाटी ताई, तुमचे लिहिणे मी मुलीला मोठ्याने वाचून दाखवले.

जुनी शाळा गुरुजींनी गृहभेटींचा उल्लेख केला म्हणून जे मनात होते ते सांगते. मी ज्या घरांत जाते ती घरे माझ्यावर विश्वास टाकतात. कोणाचे बाळ अशक्त आहे, कोणाच्या घरी दोन दिवस चूल नीट पेटली नाही, हे मला सेविका म्हणून कळते, लेखिका म्हणून नाही. म्हणून मी आजवर नोंदवहीतला एकही तपशील कथेत आणलेला नाही. स्वीकारली गेलेली कथा मात्र एका खऱ्या प्रसंगावर आहे. गावातल्या एक आजी किलोप्रमाणे कापूस वेचायला जातात. शेतमालकाच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून एक दिवस आपले गाठोडे घेऊन त्या अंगणवाडीत आल्या आणि बाळांना तोलायच्या टांगत्या काट्यावर कापूस तोलून द्या असे म्हणाल्या. मी तोलून दिला. कथा तिथून सुरू होते.

---

पऱ्हाटी | 6 ऑगस्ट, रात्री 10.41

ताई, आजींना हे माहीत आहे का?

---

धुऱ्यावरची | 6 ऑगस्ट, रात्री 10.50

नाही.

---

संत्राबाग | 7 ऑगस्ट, सकाळी 6.15

मग परिचयाचा प्रश्न दोन दिवस बाजूला ठेवा आणि आधी आजींकडे जा. नाव बदलले असले तरी गाव ओळखतेच. मी हे दटावण्यासाठी म्हणत नाही. माझ्या पुस्तकात माझ्या मोठ्या भावावर एक कविता होती. ती त्याने प्रकाशनाच्या दिवशी, लोकांच्या बरोबर, पहिल्यांदा ऐकली. त्यानंतर चार वर्षे आम्ही धुऱ्यावर भेटलो तरी बोललो नाही.

---

कोरडवाहू | 7 ऑगस्ट, दुपारी 12.30

मी थोडा असहमत आहे. प्रत्येकाची परवानगी घ्यायची ठरवली तर शेतमालकाचीही घ्यावी लागेल, आणि मग ती गोष्ट लिहून होणार नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला विचारावे आणि ज्याने केला त्याला विचारू नये, असे मला वाटते.

---

रातपाणी | 7 ऑगस्ट, रात्री 11.55

कोरडवाहू दादा, हे वाक्य मी वहीत लिहून ठेवतो आहे.

---

धुऱ्यावरची | 10 ऑगस्ट, रात्री 10.05

काल रविवार होता. दुपारी पावसाने निंदण थांबले म्हणून आजी घरीच होत्या. मी कथा घेऊन गेले आणि त्यांच्या ओसरीवर बसून पूर्ण वाचून दाखवली. वाचायला सुमारे अर्धा तास लागला. त्या मधेच उठून बकरीला पाला टाकून आल्या, तेव्हा त्यांना आवडले नसावे असे मला वाटले. पण परत येऊन त्यांनी "हं, मंग?" असे विचारले आणि मी पुढे वाचले.

संपल्यावर त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे तं म्याच सांगतलं होतं तुले. पन असं नोतं सांगतलं."

मला त्या वाक्याचा अर्थ लावायला वेळ मिळाला नाही, कारण त्यांनी लगेच हिशेब काढला. शेतमालकाच्या काट्यावर त्या दिवशी 11 किलो भरले होते आणि माझ्या काट्यावर साडेबारा. मी कथेत 12 लिहिले होते. वाक्य सुटसुटीत व्हावे म्हणून मीच तसे केले होते, हे मला आठवत होते. त्या म्हणाल्या, "त्यानं दीड किलो खाल्ला अन् अर्धा तू खाल्ला."

कोरडवाहू भाऊ, शेतमालकाला मी विचारणार नाही.

आज सकाळी केंद्र उघडण्याआधी संपादकांना मेल पाठवली. पहिल्या ओळीत दुरुस्ती कळवली की कथेत जिथे 12 किलो आहे तिथे साडेबारा करावे. त्याखाली परिचय लिहिला: "यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहते. 17 वर्षे अंगणवाडी सेविका. घरी कोरडवाहू शेती. कथा लिहिते." पऱ्हाटी ताई, शेवटचे क्रियापद तुमच्या वडिलांच्या गावाकडून घेतले आहे.

---

पऱ्हाटी | 10 ऑगस्ट, रात्री 10.30

ताई, मी आजपासून वही केली. पहिल्या दिवशी चार झडत्या आठवल्या. पाचवीची शेवटची ओळ आठवत नाही, ती भावाला फोन करून विचारणार आहे.

---

तिफणकर | 10 ऑगस्ट, रात्री 10.44

अंक दारव्ह्याच्या बसस्थानकावर मिळेल का? नाहीतर यवतमाळहून आणून ठेवतो, आजींसाठीही एक.

---

धुऱ्यावरची | 12 ऑगस्ट, रात्री 9.50

तिफणकर भाऊ, आजींसाठी मीच एक प्रत मागवली आहे. संपादकांचे आजच उत्तर आले. परिचय जसाच्या तसा घेतला आहे, आणि वजन तीन ठिकाणी होते, तिन्ही ठिकाणी साडेबारा केले आहे.